दीर्घ श्वास घेतले की चक्कर येते, चुकतंय कुठं?

प्रश्न (परभणी): वय ४६. पहाटे ३ च्या सुमाराला जाग येते, छातीत धडधडतं, खांदे आखडलेले असतात. दीर्घ श्वास घ्या म्हणतात, पण दहा-बारा घेतले की चक्कर अन् बोटांना मुंग्या येतात. कामून? बीपी, शुगर नॉर्मल आहे.

लातूर: ताई, श्वास कमी पडत नाही, जास्त होतोय. भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो अन् मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. चक्कर त्याचीच. खरं काम श्वास सोडण्याचं. सोडताना व्हेगस नस (मेंदूतून हृदयाकडं जाणारा मज्जातंतू) हृदयाचे ठोके मंद करते, घेताना ती पकड सैल पडते. म्हणून नाकानं ४ सेकंद घ्या, ६ सेकंद सोडा, म्हणजे मिनिटाला ६ श्वास. छाती भरून घेऊ नका, नेहमीएवढाच घ्या. हात बेंबीवर ठेवा. पोट हललं पाहिजे, खांदे नाही. गुदमरल्यासारखं झालं तर ३ अन् ४ वर या. सकाळ-रात्र ५-५ मिनिटं करा. नुसतं धडधडीच्या वेळी करायला गेलं तर जमत नाही, सवय शांत असतानाच लागते. भ्रामरीही चालेल, गुणगुणताना श्वास आपोआप लांबतो.

नांदेड: खांद्यांसाठी मुठी, खांदे, जबडा, पोटऱ्या असा एकेक भाग ५ सेकंद आवळा, १५ सेकंद सोडा. अर्ध्याच जोरानं, नाहीतर पोटरीत गोळा येतो. अन् चहा किती होतो? कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण ५ तास लागतात. शेवटचा कप दुपारी २ ला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तरी नाडी वाढते.

बीड: त्याआधी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन अन् ईसीजी करून घ्या. थायरॉईड वाढलेलं असलं किंवा रक्त कमी असलं तरी असंच धडधडतं, ते श्वासानं जाणार नाही. पाळी मागंपुढं होत असेल, अंगातून वाफा निघत असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दम लागणं यातलं काही झालं तर श्वास मोजत बसू नका, १०८ लावा. मन खचत असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मोफत आहे, मराठीत बोलतात.

परभणी: पहाटे जाग आल्यावर पडूनच करू का?

लातूर: हो, उताणं, गुडघ्याखाली उशी घेऊन. घड्याळ, मोबाईल बघू नका, सेकंद मनातच मोजा. २० मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात बसा, झोप आली की परत अंथरुणावर.