पिकअपला जनरेटरची ट्रॉली जोडायची असेल, तर मागचे टायर कोणते घ्यावेत?

मंडपवाला, पारोळा

आमचा मंडप आणि जनरेटर भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आगेमागे लग्नसराई जोरात असते, तेव्हा आमची पिकअप रोज लोखंडी पाइप, गाद्या आणि भांडी भरून निघते आणि तिच्या मागे ३० केव्हीए जनरेटरची दोन चाकांची ट्रॉली जोडलेली असते. यंदा मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास एरंडोलहून पारोळ्याकडे येताना मागचा डावा टायर फुटला. ट्रॉलीने गाडीला दोन-तीन हेलकावे दिले, पण वेग पन्नासच्या आत असल्यामुळे गाडी रस्त्याच्या कडेला घेता आली. टायर जेमतेम चौदा महिन्यांचा होता आणि त्याची नक्षीही चांगली शिल्लक होती, म्हणूनच मला अधिक आश्चर्य वाटले.

त्या टायरवर २१५/७५ आर १५ आणि त्यापुढे १०० एस असे लिहिलेले आहे. ज्या दुकानातून तो घेतला, तेथे मला "माप तेच आहे, चालण्यास मऊ आहे आणि किंमतही कमी आहे" असे सांगण्यात आले होते. आता एक जण आठ प्लायचा टायर घ्या म्हणतो, तर दुसरा दहा प्लायचा. शेजारच्या चालकाचे मत असे की उन्हाळ्यात हवा आपोआप वाढते, म्हणून ती पाच-सात पाउंड (हवेचा दाब, पीएसआय) कमीच ठेवावी. भाच्याने अमेरिकेतील मोठ्या पिकअपचे काही व्हिडिओ दाखवले. त्यांत 'ई' श्रेणीचे टायर घेऊन ८० पाउंड हवा भरण्याचा सल्ला आहे. यांपैकी काय खरे मानावे, दोनच टायर बदलले तर चालतील का, आणि रिमोल्ड (जुन्यावर नवे रबर चढवलेले) टायर वापरावेत का, हे जाणकारांनी सांगावे.

केळीवाहक, सावदा

भाऊ, आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपणच लिहिलेल्या '१०० एस' या अक्षरांत आहे. मापानंतर येणारा हा आकडा भारांक असतो आणि एक टायर किती वजन पेलू शकतो, हे तो सांगतो. १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १००० आणि ११२ म्हणजे ११२० किलो. पुढचे अक्षर वेगमर्यादेचे असते. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, एल म्हणजे १२०. आपल्याला मिळालेला टायर प्रवासी गाडीचा आहे. माप तेच असल्यामुळे तो रिमवर बसतो, दिसतोही तसाच, परंतु मागच्या दोन टायरांची एकत्रित क्षमता १६०० किलोच्या पुढे जात नाही. वेगाची मर्यादा १८० ची आणि काम पाइप वाहण्याचे, असा हा व्यवहार झाला आहे.

प्लायच्या आकड्यावर फार वेळ घालवू नये. टायरचे आतील पदर जेव्हा सुती दोऱ्यांचे असत, तेव्हा पदर मोजून ताकद सांगत, त्या काळापासून तो आकडा चालत आला आहे. आज नायलॉन, पॉलिएस्टर आणि पोलादी तारा वापरतात, त्यामुळे 'दहा प्लाय' लिहिलेल्या टायरमध्ये प्रत्यक्षात दहा पदर नसतात. कापसाच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला या मोजमापाचे थोडे कौतुक वाटले तरी हरकत नाही, पण खरेदी मात्र भारांक पाहूनच करावी. भाच्याने दाखवलेली 'ई' श्रेणी म्हणजे हेच दहा प्लाय. तिकडील त्या टायरांना ८० पाउंड हवा चालते, कारण टायर आणि रिम दोन्ही त्या दाबासाठी बनवलेले असतात. आपल्या रिमवर तो आकडा लादणे धोक्याचे आहे.

आता वजनाचा हिशेब पाहू, कारण बहुतेक लोक येथेच चुकतात. ट्रॉलीचे सगळे वजन तिच्या स्वतःच्या चाकांवर असते, गाडी तिला केवळ ओढते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ट्रॉलीचा दांडा हुकवर काही वजन टाकत असतो, आणि हुक मागच्या आसाच्याही (अ‍ॅक्सलच्याही) मागे असल्यामुळे ते वजन तरफेसारखे काम करते. समजा, हुकवर १५० किलो भार आहे, गाडीच्या दोन आसांमधील अंतर तीन मीटर आहे आणि हुक मागच्या आसापासून सव्वा मीटर मागे आहे. तेव्हा मागच्या आसावर १५० नव्हे, तर सुमारे २१२ किलो वाढतात आणि पुढच्या आसावरून सुमारे ६२ किलो कमी होतात. म्हणजे मागचे टायर अधिक दबतात आणि पुढचे, ज्यांच्यावर स्टिअरिंग अवलंबून आहे, ते हलके होतात. दांड्यावरचे वजन अगदीच कमी करणे हाही उपाय नव्हे, कारण दांडा हलका आणि ट्रॉलीची शेपटी जड झाली की ती रस्त्यावर डुलू लागते.

म्हणून नवीन टायर घेण्यापूर्वी एक काम करावे. जिनिंगच्या भुईकाट्यावर भरलेली गाडी न्यावी आणि पुढची व मागची चाके वेगवेगळी मोजावीत, एकदा ट्रॉली जोडून आणि एकदा सोडून. खर्च थोडा आहे आणि त्यातून मिळणारी माहिती कोणताही दुकानदार देऊ शकणार नाही. मागच्या आसाचे जे वजन येईल त्याच्या निम्म्याहून किमान पंधरा टक्के अधिक क्षमतेचा एक टायर असावा, असा माझा स्वतःचा नियम आहे. काट्यावर दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत आणि वळणावर बाहेरच्या टायरवर अधिक भार येतो. मात्र भारांक वाढवला म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. आस, पाटे (स्प्रिंग) आणि ब्रेक तेच राहतात, त्यामुळे गाडीच्या पुस्तकात दिलेली भाराची आणि ओढण्याची मर्यादा शेवटची मानावी. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा नसेल, तर तेही वेळेत उरकून घ्यावे.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवण्याचा सल्ला मात्र मी ठामपणे नाकारतो. टायर हवा जास्त झाल्याने क्वचितच फुटतो. तो तापल्याने फुटतो, आणि तापतो तो हवा कमी असल्याने. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, त्याची बाजू सतत वाकत राहते, आणि त्या वाकण्यातून निर्माण होणारी उष्णता रबर व दोऱ्यांची पकड सैल करते. सकाळी २८ अंश तापमानात ६० पाउंड भरलेली हवा, टायर ६८ अंशांपर्यंत तापल्यावर साधारण ७० पाउंड दाखवते. ही वाढ टायर बनवताना गृहीत धरलेली असते. ती पाहून घाबरून धाब्यावर हवा सोडली, तर रात्री थंड झालेल्या टायरमध्ये पन्नासच पाउंड उरतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीच गाडी पुन्हा भरून निघते. हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, स्वतःच्या मीटरने मोजावी. आमच्या भागात मे महिन्यात केळी रात्रीच हलवतात. ते मुख्यतः फळासाठी असते, पण टायरही त्यामुळे वाचतात.

पंक्चरवाला, धुळे

वरील उत्तर योग्य आहे. मी केवळ दुकानात रोज दिसणाऱ्या गोष्टी लिहितो. टायर घेताना 'डॉट' या अक्षरांनंतरचे शेवटचे चार अंक पाहावेत. २३२४ असे असेल, तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. दोन-तीन वर्षे गोदामात पडून राहिलेला माल 'नवीन' म्हणून सवलतीत मिळतो, तो घेऊ नये. रेडियल (नक्षीखाली पोलादी पट्टे असलेले) आणि नायलॉन (तिरप्या नायलॉन दोऱ्यांचे) टायर एकाच आसावर कधीही एकत्र लावू नयेत. शेतरस्त्यावर नायलॉनची बाजू दणके अधिक सोसते हे खरे, परंतु हायवेवर भार घेऊन जाताना रेडियल कमी तापतो, म्हणून आपल्या कामासाठी मी रेडियलच सुचवीन. दोनच टायर घ्यायचे असतील, तर ते मागे लावावेत, आणि रिमोल्ड टायर पुढच्या चाकांना लावू नयेत. उन्हाळ्यात ट्रॉली ओढणाऱ्या गाडीला ते मागेही लावू नयेत, असे माझे मत आहे.

टायर कसा झिजतो हे वाचायला शिकावे. मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलेले, आणि खड्डे-उंचवटे पडले तर शॉकअब्सॉर्बर गेलेला. खाचांमधील लहान उंचवट्यांपर्यंत नक्षी उतरली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर कायद्यानेही बाद होतो; पावसाळ्यापूर्वी मी त्याच्या बराच आधी बदलण्यास सांगतो. बाभळीचा काटा मधल्या पट्ट्यात शिरला तर टायर काढून आतून पॅच मारून घ्यावा. बाहेरून खोचलेली दोरी घरी पोहोचण्यापुरतीच मानावी. बाजूच्या भिंतीतले पंक्चर काढून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी परत पाठवतो, मग तो कितीही रागावो.

एक प्रश्न मात्र कोणी विचारलेला नाही: ट्रॉलीला स्वतःला कोणते टायर आहेत?

मंडपवाला, पारोळा

दोघांचेही आभार. काल कापसाच्या जिनिंगच्या काट्यावर गाडी मोजली. ट्रॉली जोडलेली असताना मागचा आस १८४० किलो आणि पुढचा ९६० किलो भरला. ट्रॉली सोडल्यावर मागचा १६४० आणि पुढचा १०२० भरला. म्हणजे ट्रॉली नसतानाही मी मागच्या टायरांच्या क्षमतेपेक्षा ४० किलो अधिक भार नेत होतो आणि ट्रॉली जोडल्यावर २४० किलो अधिक. शिवाय शेजाऱ्याच्या सल्ल्याने हवा कमी होती, ती वेगळीच.

ट्रॉलीचे टायर पाहिले, तेव्हा मान खाली गेली. एकावर २०१५ चे अंक आहेत आणि त्याच्या बाजूला बारीक भेगा आहेत. दुसऱ्यावर एडीव्ही अशी अक्षरे आहेत, त्यांचा अर्थ मला कळला नाही.

पंक्चरवाला, धुळे

एडीव्ही म्हणजे जनावरांनी ओढायच्या वाहनाचा टायर. तो बैलगाडीसाठी बनवलेला आहे आणि बैलाच्या चालीसाठीच ठीक आहे. आपण त्याला ताशी पन्नासने हायवेवर पळवत होता. दोन्ही टायर आजच उतरवावेत. ट्रॉलीला दोन्ही बाजूंस सारख्या मापाचे, मालवाहू गाडीचे रेडियल लावावेत. ट्रॉलीच्या टायरची नक्षी झिजत नाही, तो उन्हाने आणि वयाने मरतो, त्यामुळे तारीख हीच त्याची मुख्य कसोटी समजावी. पावसाळ्यात ट्रॉली उभी राहणार असेल, तेव्हा आसाखाली लाकडी ठोकळे देऊन चाके अधांतरी करावीत आणि त्यांवर ताडपत्री टाकावी. जनरेटरचे डिझेल टायरवर ठिबकत असेल, तर गळती आधी बंद करावी, कारण डिझेलने रबर फुगून मऊ पडते.

केळीवाहक, सावदा

१८४० च्या निम्मे ९२०, त्यावर पंधरा टक्के धरले तर १०५८ किलो होतात. तेव्हा मालवाहू श्रेणीतील ११० किंवा त्याहून अधिक भारांकाचा टायर पाहावा. ११० म्हणजे १०६० किलो. २१५/७५ मध्ये तसा मिळाला नाही, तर गाडीच्या पुस्तकात दिलेले दुसरे मान्य माप घ्यावे, दुकानदार सांगेल ते नव्हे. त्याच वेळी पाइपांचा गठ्ठा शक्य तितका केबिनकडे सरकवून बांधावा, म्हणजे मागचा आस आणखी थोडा हलका होईल. हवेचा आकडा पुस्तकातील पूर्ण भाराचा घ्यावा, आणि स्टेपनी मागच्या चाकांच्याच भारांकाची ठेवावी. बहुतेकांची स्टेपनी जुनी आणि रिकामी असते, हे रात्री अकरा वाजता ऐन लग्नाच्या गावाला जाताना कळते.

चाळीसगावहून कन्नड घाटाकडे भाडे लागले, तर परतीच्या उतारावर खालच्या गिअरमध्ये यावे. आपल्या ट्रॉलीला ब्रेक नसतील, तर तिचेही वजन गाडीचेच ब्रेक थांबवतात, आणि ब्रेकची ती उष्णता रिममार्गे टायरपर्यंत जाते.

मंडपवाला, पारोळा

चार टायर सांगितले आहेत, दोन गाडीला आणि दोन ट्रॉलीला. पुढचे दोन दिवाळीनंतर बदलेन. बसवल्यानंतर चाकांचे नट पुन्हा केव्हा आवळावेत?

पंक्चरवाला, धुळे

पहिल्या ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर एकदा, समोरासमोरचे नट आळीपाळीने. ट्रॉलीचेही विसरू नका.