अल्बिनो × लॅव्हेंडर किंगस्नेक: सगळी पिल्लं साधी का निघाली?

प्रश्न
कॅलिफोर्निया किंगस्नेक सापांची जोडी आहे. नर अल्बिनो, मादी लॅव्हेंडर. नऊ अंड्यांतून सात पिल्लं बाहेर आली आणि सातही काळी-पांढरी पट्टेवाली. उरलेली दोन अंडी पंधराव्या दिवशीच खपाटीला गेली. विकणाऱ्याने फसवलं का? लॅव्हेंडर पिल्लं हवी असतील तर पुढची जोडी कशी लावावी?

प्रतिसाद १
फसवणूक नाही. दोन्ही रंग अप्रभावी आहेत, पण जनुकं वेगळी. अल्बिनोत काळा रंग तयारच होत नाही. लॅव्हेंडरमध्ये काळ्याच्या जागी जांभळट करडा येतो आणि डोळे माणकासारखे लाल दिसतात. प्रत्येक पिल्लाला बापाकडून अल्बिनोचं एक आणि आईकडून लॅव्हेंडरचं एक जनुक मिळालं. एकेकट्या जनुकाने रंग उमटत नाही, म्हणून सगळी साधी दिसतात. तुमच्याकडे सात डबल हेट (दोन्ही रंगांचं एकेक जनुक लपलेली) पिल्लं आहेत, हा चांगला साठा आहे.

भावंडांची जोडी लावली तर सरासरी १६ मध्ये ९ साधी, ३ अल्बिनो, ३ लॅव्हेंडर आणि १ दोन्ही गुणांचं. एका वेळच्या सात-आठ अंड्यांत हे गणित सहज चुकतं. त्यापेक्षा यातला एक नर मोठा करून आईशी लावा, निम्मी पिल्लं लॅव्हेंडर मिळतील. नंतर मात्र बाहेरचं रक्त आणा. पिढ्यान्‌पिढ्या घरातच जोड्या लावल्या की वाकडे कणे आणि फोल अंडी वाढत जातात. पुढच्या पिढीतल्या साध्या पिल्लांपैकी कोण कशाचं हेट आहे हे डोळ्यांनी कळत नाही, त्यामुळे नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा.

प्रतिसाद २
अंड्यांबद्दल. शेवटच्या आठवड्या-दोन आठवड्यांत अंड्याला खळगे पडणं नेहमीचंच. पंधराव्या दिवशी बसलं तर दोन शक्यता: अंडं फोल होतं, किंवा अंडी ज्यात ठेवली ते माध्यम कोरडं पडलं. व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारं भुसभुशीत खनिज) आणि पाणी वजनाने समसमान घ्या. मूठ दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी ठिबकू नये. ८०–८२ फॅरनहाइटला साधारण ५५–६५ दिवस लागतात. चिकटलेली अंडी ओढून सोडवू नका, आणि घातल्यावर वरची बाजू वरच राहू द्या. पेन्सिलीने ठिपका करून ठेवलेला बरा.

मादी किमान तीन वर्षांची आणि ३०० ग्रॅमच्या आसपास हवी. मिलनाआधीच्या हिवाळ्यात दोन आठवडे खाणं बंद करून पोट रिकामं होऊ द्या, मग ५०–५५ फॅरनहाइटला आठ ते बारा आठवडे ठेवा, पाणी कायम असू द्या. पोटात उंदीर राहिला आणि थंडी मिळाली की तो आतच कुजतो.

प्रतिसाद ३
एक राहिलं: किंगस्नेक दुसरे साप खातात, जोडीदारही. दोघांना आधी पोटभर खाऊ घाला आणि एकत्र असताना समोरून हलू नका. मिठी मानेभोवती आवळली जात असेल तर ते मिलन नव्हे. पिल्लंही पहिल्या दिवसापासून वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. पहिली कात टाकल्यावर पिंकी (उंदराचं नवजात, केस नसलेलं पिल्लू) द्या. नाकारलं तर पिंकीला सरड्याच्या कातडीचा वास लावून पाहा.

आणि जास्तीची पिल्लं कधीही बाहेर सोडू नका. स्पेनच्या ग्रान कॅनरिया बेटावर पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेक मोकाट झाले आणि त्यांनी तिथले स्थानिक मोठे सरडे भागाभागांतून संपवले. तिथे रानात अल्बिनो सुद्धा सापडतात.

प्रश्नकर्ता
म्हणजे एक नर ठेवतो, बाकीच्यांच्या डब्यांवर ‘डबल हेट’ लिहून विकतो?

प्रतिसाद १
हो, पण दोन नर ठेवा. एक न खाऊन गेला तर दोन-तीन वर्षं मागे पडाल.