अणुबॉम्ब प्रकल्पाची सुरुवात: ५०० रुपयांत काय वाचू?

केतकी_वाचते: सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर वीस मिनिटं बोलायचंय. विषय: मॅनहॅटन प्रकल्प, म्हणजे अमेरिकेचा अणुबॉम्ब प्रकल्प, सुरू कसा झाला. फक्त सुरुवात हवी, हिरोशिमा नको. बजेट ५००, वर एक रुपया नाही. ओपेनहायमरवाला गीतेचा श्लोक कृपया कुणी टाकू नका.

भटक्या६२: १४०० ला जाडजूड हार्डबाउंड मिळतं, डोळे मिटून घ्या. माझं चार वर्षांत निम्मं झालंय. मुलगा शिकागोला असतो, त्यामुळे २ डिसेंबर १९४२ ला शास्त्रज्ञ फर्मीने जिथे पहिली अणुभट्टी चालवली ती जागाही पाहून आलो. फोटो टाकू का?

रेवाकाठ: ऑनलाइन स्वस्तातलं नको. ३२० ला मागवलं, झेरॉक्स निघालं. पान १६ नंतर थेट ४९! शास्त्रज्ञ हान आणि स्ट्रासमान बर्लिनला युरेनियमवर प्रयोग करतायत आणि पान उलटलं की प्रकल्पाचे लष्करी प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज हजर. पैसे अजून परत नाहीत.

मास्तर_निवृत्त: आइन्स्टाइनच्या पत्रापासून सुरू करा. २ ऑगस्ट १९३९. त्याने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला लिहिलं आणि प्रकल्प सुरू झाला.

अर्धवटराव: मास्तर, मजकूर शास्त्रज्ञ झिलार्डचा, सही आइन्स्टाइनची. झिलार्डला गाडी येत नव्हती, म्हणून त्याचे सहकारी, एकदा विग्नर आणि एकदा टेलर, त्याला आइन्स्टाइनकडे घेऊन गेले. आणि सुरू काय झालं? एक समिती अन् ६००० डॉलर.

मास्तर_निवृत्त: सही केली म्हणजे पत्र त्याचंच. तीस वर्षं हेच शिकवलंय.

गोगलगाय: पैसे कशाला? फ्रिश आणि पायर्ल्स या शास्त्रज्ञांचं मार्च १९४० चं टिपण नेटवर फुकट आहे, थोडीच पानं. दोघे मूळचे शत्रूदेशाचे, म्हणून इंग्लंडात रडारच्या गुप्त कामाला मज्जाव. मग बर्मिंगहॅमला बसून हिशेब मांडला: युरेनियममधलं यु-२३५ वेगळं काढलं तर बॉम्बला ते टनावारी लागत नाही, अर्ध्या किलोच्या आसपास पुरेल. आकडा फारच कमी धरला होता, पण ब्रिटिश खडबडून जागे झाले. त्यातून बॉम्बचा अभ्यास करणारी मॉड समिती. तिचे कागद अमेरिकेत गेले, तर तिथल्या समितीच्या अध्यक्षाने ते तिजोरीत ठेवून दिले, सदस्यांनाही दाखवले नाहीत! ऑगस्ट १९४१ ला मॉडचा सदस्य ऑलिफंट स्वतः गेला तेव्हा कळलं. आपली फाइल आठवली.

भटक्या६२: हे सगळं माझ्या पुस्तकात आहे.

रेवाकाठ: मॉड हे लघुरूप कशाचं?

गोगलगाय: कशाचंच नाही. डेन्मार्कचा शास्त्रज्ञ बोर याच्या निरोपाच्या तारेत ‘मॉड रे, केंट’ असं होतं. विद्वानांनी सांकेतिक भाषा समजून अक्षरं उलटसुलट करून पाहिली. ती बोरकडची जुनी गव्हर्नेस निघाली.

शंतनू_बे_एरिया: बॉम्बच्या प्रयोगशाळेचा प्रमुख ओपेनहायमर संस्कृत शिकला होता हे कुणीच कसं सांगत नाही?

अर्धवटराव: आला बघा.

केतकी_वाचते: सगळ्यांचे आभार. शास्त्रज्ञ लिझे माइटनरचं जुनं चरित्र रद्दीवाल्याकडे १८० ला मिळालं, तेच घेतलं. बॉम्बच्या कामाला तिने नकार दिला होता, माहीत आहे. पण १९३८ च्या नाताळात स्वीडनच्या बर्फात ती भाच्याबरोबर ओंडक्यावर बसली आणि हानच्या प्रयोगात अणू फुटला कसा याचं चिटोऱ्यांवर गणित केलं. माझी सुरुवात तिथून. भाचा म्हणजे गोगलगायचाच फ्रिश.

मास्तर_निवृत्त: आणि आइन्स्टाइन?

भटक्या६२: १४०० चं आता ११९९ ला आलंय. लिंक देऊ?