स्टेंट बसवल्यानंतर रात्रीच्या जागलीत तीन-चार बिड्या ओढल्या तर चालेल का?

यवतमाळची_लेक

नमस्कार. माझे माहेर यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आहे. माझ्या वडिलांचे वय ५८ असून ते जवळपास चाळीस वर्षांपासून बिडी ओढत आले आहेत. दिवसाला एक कट्टा, म्हणजे बिड्यांची एक जुडी, हा त्यांचा नेम होता. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू असताना वावरातच त्यांच्या छातीत कळ आली, डावा हात जड झाला आणि अंगाला दरदरून घाम सुटला. पित्त झाले असेल असे समजून ओवा खाऊन बसण्यात दोन तास गेले. मग शेजाऱ्यांच्या गाडीने त्यांना आधी यवतमाळला आणि तेथून नागपूरला नेले. तेथे अँजिओप्लास्टी करून, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी रुंद करून, ती उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी, म्हणजे एक स्टेंट, बसवण्यात आला.

घरी आल्यावर दीड महिना त्यांनी बिडीला हात लावला नाही. पुढे हरभऱ्यात रोही (नीलगायी) आणि रानडुकरे शिरू लागली, तसे ते पुन्हा जागलीला जाऊ लागले. परवा त्यांचा स्वेटर धुवायला घेतला, तेव्हा खिशात माचिस आणि शिवणीत अडकलेला तंबाखूचा चुरा सापडला. विचारले तर म्हणाले, “कट्ट्यावरून तिनावर आलो, हे कमी आहे काय?” त्यावर वाद झाला आणि ते त्या दिवशी जेवले नाहीत.

माझे तीन प्रश्न आहेत. एवढ्या थोड्या बिड्यांनी हृदयाला खरोखर धोका असतो का? चाळीस वर्षांची सवय एकदम सोडली तर हृदयावर ताण येतो, असे गावातील माणसे सांगतात, ते खरे आहे का? आणि बिडी सुटावी म्हणून त्यांना काही दिवस तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊ द्यावा का?

निवृत्त_परिचारिका_वर्धा

ताई, मी २६ वर्षे सरकारी रुग्णालयांत परिचारिका होते आणि शेवटची काही वर्षे तंबाखू सोडू पाहणाऱ्या रुग्णांशी बोलण्याचे काम माझ्याकडे होते. आपल्या वडिलांनी एका कट्ट्यावरून तीन-चार बिड्यांवर येणे ही सोपी गोष्ट नाही, आणि हे त्यांना घरातून कोणीतरी मोकळ्या मनाने सांगायला हवे. तरीही फुप्फुसाचा हिशेब आणि हृदयाचा हिशेब वेगवेगळा असतो. २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले होते. दिवसाला २० सिगारेटी ओढल्याने हृदयविकाराचा जितका जास्तीचा धोका निर्माण होतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका दिवसाला फक्त एका सिगारेटीनेही राहतो, असे त्यात दिसून आले. म्हणजे बिड्या जितक्या कमी झाल्या, तितका हृदयाचा धोका कमी होत नाही.

याचे कारण असे की, धुरातील निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, नाडी जलद होते आणि रक्तदाब चढतो. त्याच वेळी कार्बन मोनॉक्साइड रक्तातील ऑक्सिजनची जागा अडवतो, म्हणजे हृदयाला काम जास्त आणि प्राणवायू कमी अशी दुहेरी ओढाताण होते. धुरामुळे रक्तवाहिनीचे आतले अस्तर खरवडल्यासारखे होते आणि रक्तातील बिंबाणू (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स) एकमेकांना चिकटू लागतात. स्टेंट बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या जातात, त्या हेच चिकटणे थांबवण्यासाठी. वडील सकाळी ती गोळी घेतात आणि रात्री मचाणावर तिच्या विरुद्ध काम करणारा धूर आत ओढतात, हे त्यांना याच शब्दांत सांगून पाहा.

बिडी लहान असते, तिच्यात तंबाखू थोडा असतो, म्हणून ती सौम्य असते, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही आणि बिडी सारखी विझते, त्यामुळे ओढणारा जोराने आणि वारंवार झुरके घेतो. परिणामी शरीरात जाणारे निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटीपेक्षा कमी नसतात.

एकदम सोडल्याने हृदयाला इजा होत नाही. चिडचिड, झोपमोड, भूक वाढणे, बद्धकोष्ठता हे त्रास होतात. पहिले दोन-तीन दिवस ते सर्वांत जास्त असतात आणि साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतात. हृदयाचा फायदा मात्र लगेच सुरू होतो. एक-दोन दिवसांत कार्बन मोनॉक्साइड रक्तातून निघून जातो, वर्षभरात हृदयविकाराचा जास्तीचा धोका निम्म्यावर येतो आणि झटका येऊन गेल्यानंतर जे धूम्रपान पूर्ण सोडतात, त्यांच्या मृत्यूचा धोका ओढत राहणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असतो. एवढा फायदा देणारी दुसरी गोळी मला माहीत नाही.

खर्रा मात्र मुळीच देऊ नका. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला तो पदार्थ निकोटिनची गुलामी तशीच ठेवतो, रक्तदाब चढवतो आणि तोंडाच्या कर्करोगाचे दार उघडतो. बिडी सोडण्यासाठी म्हणून घेतलेला खर्रा पुढे वर्षानुवर्षे खिशात राहिलेला मी पाहिला आहे. निकोटिनची तलफ सोसवत नसेल तर निकोटिनचे च्युइंग गम मिळते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचे आणि नसेल तर २ मिलिग्रॅमचे, असा साधारण नियम आहे. वडिलांना स्टेंट असल्याने त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नये. गम हळूहळू चावावे, जिभेवर झणझण जाणवली की गालात दाबून ठेवावे, आणि त्याआधी पंधरा मिनिटे चहा घेऊ नये, कारण चहामुळे निकोटिन तोंडात नीट शोषले जात नाही. भारत सरकारच्या १८००-११२-३५६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशकही बोलतात.

रात्रपाळीचा_शेतकरी

मी वाशीम जिल्ह्यातील आहे आणि बिडी सोडून मला नऊ वर्षे झाली आहेत. परिचारिकाताईंनी शास्त्र सांगितले, मी फक्त जागलीबद्दल लिहितो, कारण माझीही शेवटची बिडी तिथेच अडकली होती.

रात्री दोननंतर डोळे जड होतात, थंडीने बोटे आखडतात आणि शेजारच्या वावरातून कोणीतरी हाक मारून बिडी पुढे करतो. मी माचिस घरी ठेवून जात असे, तरी उपयोग झाला नाही, कारण शेकोटीतला निखारा चिमट्याने उचलून बिडी पेटवता येत होती. म्हणून पहिला महिना मी शेकोटीच पेटवली नाही, दोन घोंगड्या नेल्या. थर्मासमधील चहा बंद केला, कारण चहाचा घोट घेतला की हात आपोआप खिशाकडे जात असे. त्याऐवजी भाजलेले फुटाणे आणि बडीशेप बांधून नेत असे. तलफ आली की मचाणावरून उतरून बॅटरी घेऊन धुऱ्याने एक फेरा मारायचा, आणि परत येईपर्यंत ती ओसरलेली असायची, कारण तलफ काही मिनिटांचीच असते. शेजारच्या मचाणावरील काकांना मी हात जोडून सांगितले होते की, मला बिडी देऊ नका, मी मागितली तरी देऊ नका.

पण ताई, एक गोष्ट स्पष्ट विचारतो. झटका येऊन गेलेल्या माणसाने कडाक्याच्या थंडीत रात्रभर जागणे योग्य आहे का, हे डॉक्टरांना विचारले आहे का? घरात भाऊ असेल तर निदान एक महिना त्याने जागल करावी किंवा जनावरांना रोखायला कुंपणात विजेचा झटका देणारी मशीन लावावी. तेच चार आठवडे सर्वांत अवघड असतात.

आशाताई_गडचिरोली

खिसे तपासणे बंद करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. चोरून ओढणारा माणूस मदत मागत नाही. आमच्या जिल्ह्यात दारू आणि तंबाखूविरोधी ‘मुक्तिपथ’ अभियानामुळे गावोगावी तंबाखूवर उघडपणे बोलणे होते, आणि त्यात मी एवढे शिकले की, “कधी सोडणार?” यापेक्षा “कोणत्या वेळेची बिडी सोडणे सर्वांत अवघड जाते?” हे विचारले की माणूस बोलू लागतो. दिवस त्यांनाच ठरवू द्या. मध्येच एखादी ओढली गेली तर घरात रडारड करू नका, दुसऱ्या सकाळपासून पुन्हा सुरुवात करा.

यवतमाळची_लेक

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काल संध्याकाळी ओसरीवर बसून ही सर्व उत्तरे मी बाबांना वाचून दाखवली. गोळी आणि धूर यांची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, नंतर म्हणाले, “माझ्या दाढा पडल्या आहेत, ते गम मी चावू कसे?” सोमवारपासून जागलीला माझा भाऊ जाणार आहे.

निवृत्त_परिचारिका_वर्धा

त्यांनी हे विचारले, याचा मला फार आनंद झाला. चावता येत नसेल तर निकोटिनची चघळण्याची गोळी गालात ठेवता येते किंवा दंडावर चिकटवायचा पॅच मिळतो, जो रोज नव्या जागी लावायचा असतो. तपासणीला जाल तेव्हा स्टेंटची कागदपत्रे सोबत घेऊन डॉक्टरांना यापैकी काय चालेल ते विचारा आणि तोवर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एकही दिवस चुकवू देऊ नका. आणि पुन्हा कधी तशी कळ आली, तर ओवा खाऊन वाट पाहू नका, ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.