मदत हवी आहे: आप्पांच्या घड्याळाची बॅटरी दुपारीच संपते, 3 नॅनोमीटर चिपचं घेतलं तर फरक पडेल का?

नमस्कार मंडळी. बेळगावहून लिहितोय. उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनवर आहे, त्यामुळे यंत्रातलं कळतं, चिपमधलं कळत नाही. विषय आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वाचा आणि काय असेल ते सरळ सांगा.

गेल्या वर्षी आप्पांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी शेतात जायला मनाई केली नाही. एकटं जाऊ नका आणि नाडीकडे लक्ष ठेवा, एवढंच म्हणाले. आप्पा 67 वर्षांचे. एकटं न जाण्याचं त्यांनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. आमचं रान शिनोळीच्या अलीकडं, ओढा ओलांडला की चंदगड तालुका. भात आणि रताळी. फोन चिखलात पडतो म्हणून ते घरीच ठेवून जातात. शेवटी बहिणीनं तिचं चार वर्षांपूर्वीचं सिमवालं स्मार्ट घड्याळ त्यांना दिलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा आहे असं मला अजून वाटत नाही.

सकाळी सातला 100 टक्के असतं, दुपारी चारच्या आसपास बंद. गेल्या मंगळवारी साडेचारला फोन लावला, लागला नाही. पावणेपाचला लावला, पाचला लावला. मशीन दुसऱ्याच्या हवाली केलं आणि गाडी काढली. बांधावर पोचलो तर आप्पा वेल गोळा करून ढीग लावत होते. मनगटावर काळं पडलेलं घड्याळ, काचेवर वाळलेला चिखल. "काय रे, आज लवकर सुटलास?" म्हणाले. मला बोलताच आलं नाही. नुसता त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी खडेबाजारात चौकशी केली. दुकानातला मुलगा म्हणाला, "तुमच्यात जुनी जाड चिप आहे अण्णा. हे नवीन 3 नॅनोमीटरचं घ्या, बॅटरी दुप्पट चालते." किंमत माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढी. आप्पांसाठी ती घालायची तयारी आहे, पण घातल्यावर पुन्हा चार वाजता घड्याळ काळं पडायला नको.

मला पटत नाही ते असं. बॅटरी 350 एमएएचची, 3.85 व्होल्ट धरले तर साधारण 1.35 वॅट-अवर. नऊ तासांत संपते म्हणजे सरासरी 150 मिलीवॅट जातात. दीड दिवस चालायला हवी असेल तर 37-38 मिलीवॅटच्या वर जाता कामा नये. म्हणजे चारपट खर्च होतोय. हा सगळा प्रोसेसर खातो का? आणि हे 3 नॅनोमीटर मोजतात तरी कुठं? आमच्याकडे हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या स्पूलला, म्हणजे आत सरकणाऱ्या दांड्याला, 5 मायक्रॉनची फिट धरतो आणि गेज थंड खोलीत ठेवून मापं घेतो. 3 नॅनोमीटर म्हणजे त्याच्या सोळाशेव्या भागाहूनही लहान. या धंद्यातलं कुणी असेल तर समजावून सांगा की.

प्रतिसाद 1 (निपाणीकर)

दादा, आधी आप्पांना माझा नमस्कार सांगा. मी मूळचा निपाणीचा, सध्या बंगळूरला चिप डिझाइनमध्ये काम करतो. दुकानातल्या मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून दोन्ही अर्धी लिहितो.

3 नॅनोमीटर हे आता पिढीचं नाव आहे, माप नव्हे. चिपमधला विजेचा इवलासा स्विच म्हणजे ट्रान्झिस्टर, आणि तो उघड-बंद करणारा भाग म्हणजे गेट. फार पूर्वी या गेटची लांबी त्या आकड्याशी जुळायची. आज 3 नॅनोमीटर म्हणवणाऱ्या चिपमध्ये शेजारच्या दोन गेटमधलं अंतर त्याच्या दहापटीहून जास्त भरतं. सिलिकॉनवर आकृती उमटवायला जो ईयूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाश लागतो, त्याचीच तरंगलांबी 13.5 नॅनोमीटर आहे. ती यंत्रं जगात फक्त नेदरलँड्सची एएसएमएल बनवते. तुमच्या मायक्रॉनची तुलना त्या आकड्याशी करू नका. तुमचं माप खरं माप आहे.

फायदा मात्र खरा आहे. ट्रान्झिस्टर म्हणजे तुमचा व्हॉल्व्हच समजा. तो उघड-बंद करायला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते. व्होल्टेज 10 टक्के उतरवता आलं तर उघड-बंद करण्याचा खर्च 19 टक्के घटतो, आणि नवी प्रोसेस, म्हणजे चिप बनवण्याची नवी पद्धत, ते उतरवू देते. दुसरा खर्च गळतीचा. व्हॉल्व्ह बंद असला तरी थोडं झिरपतंच, आणि ट्रान्झिस्टर लहान करत गेलं की झिरपणं वाढतं. म्हणून आधी फिनफेट आलं, त्यात गेट करंटच्या वाटेला तीन बाजूंनी धरतो. मग गेट-ऑल-अराउंड आलं, त्यात चारी बाजूंनी. सॅमसंगनं ही चारी बाजूंची रचना 3 नॅनोमीटरवर 2022 मध्ये उत्पादनात आणली. घड्याळ दिवसातला बराचसा वेळ झोपलेलं असतं, त्यामुळे गळती आवळण्याला इथं मोठं मोल आहे.

आता दुसरा अर्धा भाग. सॅमसंगच्या 2023 च्या गॅलेक्सी वॉच 6 मध्ये 5 नॅनोमीटरचा प्रोसेसर होता, 2024 च्या वॉच 7 मध्ये 3 नॅनोमीटरचा आला. 44 मिमीच्या दोन्ही घड्याळांत बॅटरी 425 एमएएच, आणि स्क्रीन सतत चालू न ठेवता कंपनीचा दावा दोन्हीकडे 40 तास. वाचलेली वीज वेगवान कोअर आणि दोन फ्रिक्वेन्सींचं जीपीएस यांसारख्या कामांकडे गेली. ॲपलचंही तसंच. 2015 पासून 2024 पर्यंत चिपच्या कितीतरी पिढ्या बदलल्या, पण नेहमीच्या घड्याळावरचा आकडा 18 तासांचाच राहिला. नवी प्रोसेस हातात आली की कंपनी ठरवते, त्यातून तास वाढवायचे, कामं वाढवायची की घड्याळ पातळ करायचं.

उलट क्वालकॉम कंपनीचा घड्याळांसाठीचा 2022 चा चिपसंच, डब्ल्यू 5 प्लस, बघा. मुख्य चिप 4 नॅनोमीटरची, पण तिच्या शेजारी 22 नॅनोमीटरचा लहान मदतनीस प्रोसेसर. वेळ दाखवणं, पावलं मोजणं, नाडी बघणं हे तो "जाड" मदतनीस सांभाळतो आणि मोठी चिप झोपून राहते. वनप्लस वॉच 2 मध्येही असेच दोन प्रोसेसर आहेत, दोघांवर दोन वेगळ्या सिस्टिम, आणि सोबत 500 एमएएचची बॅटरी. माझं स्पष्ट मत असं की घड्याळाच्या बाबतीत ही कामाची वाटणी नॅनोमीटरच्या आकड्यापेक्षा जास्त तास देते. दुकानात विचारायचंच तर हे विचारा.

आणि आता तुमचे 150 मिलीवॅट. आप्पा फोन घरी ठेवतात, गोम तिथंच आहे. फोन जवळ असला की घड्याळ ब्लूटूथवर राहतं आणि फार कमी खातं. फोन लांब गेला की सिम जागं होतं. तुमचं रान हद्दीवर. माझ्याही घरी हाच अनुभव आहे, अंगणात कर्नाटकाचा टॉवर आणि परसात महाराष्ट्राचा. घड्याळाचा अँटेना टीचभर. सिग्नल क्षीण असला की ते जास्त ताकद लावून ओरडतं, टॉवर सुटला की दुसरा शोधत बसतं. ही ताकद रेडिओचा पॉवर ॲम्प्लिफायर खातो, आणि तो वेगळ्याच प्रकारचा भाग असतो. प्रोसेसर 3 नॅनोमीटरचा केला म्हणून त्याची भूक कमी होत नाही.

प्रतिसाद 2 (घड्याळवाला, टिळकवाडी)

वरच्यांनी चिपचं चांगलं सांगितलं. मी दुरुस्ती करतो, माझं दोन ओळींचं. चार वर्षं रोज चार्ज झालेली एवढीशी बॅटरी आता 350 ची राहिलेली नसणार. फोनची 5000 ची बॅटरी दोन दिवसांनी चार्ज केली तर चालते, घड्याळाला रोज लावावंच लागतं, त्यामुळे तिच्या फेऱ्या लवकर भरतात. आधी बॅटरी तपासून घ्या. उघडून बदलली तर पाण्याची सीलिंग परत नीट बसवून घ्या, आप्पा चिखलात काम करतात.

अजून एक. पट्टा सैल बांधतात का ते बघा. मागचा हिरवा दिवा नाडी शोधतो, त्याला नीट सापडली नाही तर बरीच घड्याळं दिव्याचा उजेड आणि मोजण्याचा वेग दोन्ही वाढवतात. वयस्कर माणसं सैलच बांधतात.

धागाकर्ता, दहा दिवसांनी

निपाणीकर, घड्याळवाले, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. केलेलं सगळं क्रमानं लिहितो, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल.

रविवारी मी दिवसभर आप्पांबरोबर रानात राहिलो. पट्टा खरंच सैल होता, करंगळी आत जात होती. दुसरी गोष्ट डोळ्यांनी पाहिली. ते विळ्यानं वेल कापतात, आणि प्रत्येक हिसक्याला मनगट वळलं की घड्याळाची स्क्रीन उजळते. एका सरीत वीस वेळा मोजली आणि मग मोजणं सोडलं. दिवसभरात किती होत असेल! मनगट वळल्यावर उजळायचं ते बंद केलं, आता बटण दाबल्यावरच वेळ दिसते. आप्पांची कुरकुर झाली, दोन दिवसांनी थांबली.

त्या दिवशी फोन घरीच ठेवला होता. सिग्नलची एक काडी, मध्येच तीही जाऊन पुन्हा शोधाशोध. घड्याळ तेवढ्यात गरम लागत होतं. सोमवारपासून फोन प्लास्टिकच्या डब्यात घालून बांधावरच्या आंब्याला पिशवीत टांगतो. आमचं रान दोन पट्ट्यांचं, बहुतेक वेळ ब्लूटूथ टिकतं. वरच्या कोपऱ्यात गेले की तुटतं, खाली आले की जुळतं. सिम चालूच ठेवलं आहे, कारण कोपऱ्यात असताना काही झालं तर तेच लागणार.

आता रात्री नऊला 28-30 टक्के उरतात. त्याच जुन्या चिपवर, त्याच बॅटरीवर.

बॅटरी बदलायला पुढच्या आठवड्यात टिळकवाडीला येतो. नवीन घड्याळाचे पैसे तसेच ठेवलेत. निपाणीकर, एक शेवटचं विचारतो: वरच्या कोपऱ्यात आप्पा कधीकधी तासभर असतात. तेवढ्या वेळात घड्याळानं सारखा टॉवर शोधू नये, पण आप्पांनी बटण दाबलं तर कॉल मात्र लागावा, अशी काही सोय सेटिंगमध्ये असते का? की त्या कोपऱ्यासाठी खिशात साधा बटणांचा फोनच द्यावा?

प्रतिसाद 3 (निपाणीकर)

साधा फोनच द्या दादा. सिम झोपवलं की बटण दाबल्यावर आधी टॉवर सापडावा लागतो, आणि हद्दीवर त्याला एखादा मिनिटही लागू शकतो. आप्पांच्या बाबतीत तो मिनिट हाताशी असेल असं धरून चालू नका. बटणांच्या फोनची बॅटरी घड्याळाच्या दुप्पट-तिप्पट आणि अँटेनाही मोठा, तो एका चार्जवर कित्येक दिवस काढतो. दोरी बांधून गळ्यात घालायला सांगा, चिखलात पडणार नाही.