शब्दचर्चा : भूचित्र, कातळशिल्प की नुसती आकृती?

पर्वतीपायथा
‘जिओग्लिफ’ला, म्हणजे जमिनीवर काढलेल्या मोठ्या आकृतीला, मराठीत नेमकं काय म्हणायचं? भूचित्र, भूशिल्प, भूमिलेख, कातळशिल्प, जो तो आपापला शब्द वापरतो. भूगोल प्रदर्शनाच्या फलकांवर पेरूतल्या नाझ्काच्या रेघा, कोकणात कशेळीच्या कातळात खोदलेला हत्ती, लोणार आणि मॉरिटानियातला ‘सहाराचा डोळा’ हे सगळं एकाच मथळ्याखाली घ्यायचं आहे: ‘उपग्रहातून दिसणारी भूचित्रे’. चालेल?

सदाशिवपेठी कोशकार
नाही चालणार. चित्र, शिल्प, लेख या तिन्ही शब्दांत कर्ता गृहीत आहे. चित्र म्हटलं की ते काढणारा आला. लोणारचं विवर उल्केच्या आघाताने झालेलं, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. सहाराचा डोळा म्हणजे रिशात, सुमारे ४० किलोमीटरचा. खडकांचा घुमट वर उचलला गेला आणि झिजत गेला, कठीण थर कड्यांसारखे उरले. ती दोन्ही ‘भूरूपं’. हा शब्द शाळेच्या पुस्तकापासून रुळलेला आहे, तोच वापरा.

माणसाने जमिनीवर काढलेलं असेल तर ‘भूचित्र’. आणि कोणी केलं, कशाने झालं हे अजून ठरलेलं नसेल तर ‘आकृती’. मराठीत हा शब्द छान तटस्थ आहे, कर्त्याबद्दल काही बोलत नाही. मथळ्याला तोच घ्या.

सड्यावरचा
कशेळीच्या हत्तीला मात्र भूचित्र म्हणू नका, तिकडे ‘कातळशिल्प’ पक्कं झालंय. शब्दाचे चोचले करायचे तर ‘कातळ-खोदचित्र’ जास्त बरोबर, कारण बहुतेक ठिकाणी बाह्यरेषा खोदलेली आहे, शिल्पासारखा उठाव थोड्याच ठिकाणी. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ मध्ये ही स्थळं ‘जिओग्लिफ’ म्हणूनच गेली: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातलं फणसाईमळ. तंत्राने पाहिलं तर ती खडकात कोरलेली, म्हणजे पेट्रोग्लिफ. पण आडव्या जमिनीवर आहेत म्हणून जिओग्लिफ. मराठीत ‘कातळ’ आला की दोन्ही प्रश्न मिटतात. कोकणात कातळ म्हटल्यावर भिंत नाही डोळ्यांपुढे येत, पायाखालचा जांभ्याचा सपाट सडाच येतो.

आणि हो, ‘सडा’ लिहिलात तर पुण्यात अर्थ सांगावा लागेल. इथे ‘सड्यावरची चित्रं’ म्हणजे अंगणात शेणसडा घालून काढलेली रांगोळी!

अक्षवृत्त
शब्दाइतकीच एक वस्तुस्थितीची चूक आहे. कशेळीचा हत्ती उपग्रहावरून दिसत नाही, म्हणून तो या फलकावर बसतच नाही. हिशेब सोपा आहे. हत्ती सुमारे १८ मीटर लांब, १३ मीटर उंच. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचा एक पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे अख्खा हत्ती दोन-चार पिक्सेलमध्ये संपला. इस्रोच्या कार्टोसॅट-३ उपग्रहासारखा २८ सेंटिमीटरचा पिक्सेल घेतला तरी अडचण वेगळीच: खोदलेली रेघ जेमतेम चार बोटं रुंद आणि रंग आजूबाजूच्या जांभ्याचाच. पिक्सेलमध्ये रेघ नि कातळ यांची सरासरी होते आणि रेघ विरघळून जाते.

राजस्थानात बोहाजवळच्या रेघा याउलट. २०२१ मध्ये दोन फ्रेंच संशोधकांनी त्या भूचित्रं असल्याचं मांडलं, तेही आधी गुगल अर्थवर बघून. सर्वांत मोठं सर्पिल सुमारे ७२४ मीटर लांब नि २०१ मीटर रुंद. रेघ २० ते ५० सेंटिमीटर रुंद, खोली १० सेंटिमीटरपर्यंत. रेघ स्वतः पिक्सेलएवढी किंवा त्याहून थोडी बारीक, पण शेकडो मीटर सलग जाते आणि रंगात फरक आहे, म्हणून उमटते. नाझ्कात हाच फरक जास्त ठळक: वरचे तांबूस-काळपट दगड बाजूला सारले की खाली फिकट पिवळसर जमीन. तिथला हमिंगबर्ड सुमारे ९३ मीटरचा आहे.

दिसणं म्हणजे आकार अधिक रंगभेद. नुसता आकार मोठा असून भागत नाही.

सड्यावरचा
मान्य. कातळशिल्पांसाठी ड्रोनच लागतो. ४० मीटर उंचीवरून साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा पिक्सेल मिळतो. उडवायचा सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर, म्हणजे खाचेत सावली पडते. भर दुपारी उडवलात तर नुसता तांबडा कातळ दिसेल. आधी खाचांतली माती आणि गवत मऊ झाडूने काढायचं. खडूने किंवा चुन्याने रेघा भरायच्या नाहीत. फोटो छान येतो, पण ते खाचेत बसतं आणि मूळ कड कुठली ते पुढच्याला कळत नाही.

खापरखुणा
‘आकृती’च्या बाजूला ‘खूण’ हा शब्दही ठेवा, कारण प्रत्येक आकृती कोणी मुद्दाम काढलेली नसते. जमिनीत गाडलेला चर असेल तर वरची माती खोल, ओल जास्त, पीक उंच नि हिरवं. गाडलेली भिंत असेल तर माती उथळ, पीक लवकर पिवळं पडतं. वरून बघणाऱ्याला त्याच रेषा दिसतात. याला ‘पीकखुणा’ म्हणावं. आयर्लंडमध्ये २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात न्यूग्रेंज या प्रागैतिहासिक थडग्याजवळ एक अख्खं वर्तुळाकार स्थळ असंच ड्रोनमधून उमटलं. ‘पीकवर्तुळ’ वेगळं, ते माणसांनी रात्रीतून आडवी केलेली कणसं. आणि निलंग्यात २०१९ च्या शिवजयंतीला शेतात पेरून शिवाजी महाराजांचं चित्र उगवलं होतं, ते ‘पीकचित्र’. तीन शब्द, तीन वेगळ्या गोष्टी.

आपल्याकडे पीकखुणा शोधायच्या तर खरिपात ढग आडवे येतात आणि उसाखाली सगळं झाकतं. पाटाचं पाणी मिळालं की ओलीचा फरकही पुसला जातो. त्यामुळे कोरडवाहू रब्बी ज्वारी, जमिनीतल्या ओलीवर येणारी, तीच त्यातल्या त्यात कामाची.

पण आपल्या मुलखाचा खरा शब्द आहे ‘पांढर’. गावाची वस्ती ती पांढर, शेतं ती काळी. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या मातीच्या भिंती मिसळून वस्तीची माती फिकट होते. गाव उठून गेलं तरी काळ्या रानात तो फिकट डाग राहतो आणि एप्रिल-मेमध्ये, नांगरट झालेली नि रान उघडं असताना, तो उपग्रहप्रतिमेत चटकन डोळ्यांत भरतो. यासाठी कुठलाही परका शब्द लागत नाही, शेतकरी ‘पांढरीचं रान’ म्हणतोच.

पर्वतीपायथा
म्हणजे फिकट डाग दिसला की पांढर?

खापरखुणा
छे. मुरूम उघडा पडला, चुनखडी वर आली, तळ्यातला गाळ आणून पसरला, तरी डाग फिकटच. उलट कित्येक पांढरी लोकांनी घराच्या भिंतींना नि धाब्यांना माती नेऊन नेऊन सपाट केल्यात, तिथे टेकाडही उरलेलं नाही आणि डागही फाटलेला. म्हणून क्रम असा: चार-पाच वर्षांच्या उन्हाळी प्रतिमा बघायच्या, डाग त्याच जागी, त्याच आकारात राहतो का ते पाहायचं. गाळ पसरलेला असेल तर दोन-तीन हंगामांत पुसट होतो आणि त्याच्या कडा शेताच्या बांधाला धरून असतात. पांढर बांध जुमानत नाही. मग नदीपासून अंतर पाहायचं, जुन्या वस्त्या पाण्याजवळच्या उंचवट्यावर असतात. शिरूर तालुक्यातलं इनामगाव घोड नदीच्या काठी आहे. शेवटी पायी जाऊन खापरं बघायची. खापरं उचलून आणायची नाहीत, जागा नोंदवायची.

अक्षवृत्त
भासाला शब्द हवा. अल्बर्टात, कॅनडात, एक माणसाचं डोकं दिसतं, त्यावर पिसांचा टोप आणि कानात इअरफोन. इअरफोन म्हणजे रस्ता आणि वायूची विहीर. गंमत अशी की ते डोकं वर आलेलं नाही, ती खोलगट जागा आहे, पावसाने झिजलेली. खोल ते उंच वाटतं.

हेच सिंहगडाच्या रांगेत करून बघा. सेंटिनेलची डिसेंबरमधली प्रतिमा उघडा. हा उपग्रह स्थानिक सौरवेळेप्रमाणे साडेदहाच्या सुमारास जातो, पुणे भारतीय प्रमाणवेळेच्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे घड्याळात अकरा वाजून गेलेले असतात. सूर्य आग्नेयेला, सावल्या वायव्येला. आपला मेंदू मात्र उजेड वरून येतो असं धरून चालतो, आणि नकाशात वर म्हणजे उत्तर. मग गडाची सोंड घळ वाटते आणि घळ धार वाटते. उपाय एकच: प्रतिमा १८० अंशांत फिरवा, दक्षिण वर घ्या. सगळं जागच्या जागी बसतं. किंवा इस्रोच्या ‘भुवन’ या नकाशांच्या संकेतस्थळावरून उंचीची माहिती घेऊन ताडा. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य पुण्याच्या उत्तरेला असतो, तेव्हा हा घोळ कमी. पण तेव्हा निम्मा काळ ढगच.

सदाशिवपेठी कोशकार
भूगोलात ‘उठाव’ शब्द आहेच, उठावाचे नकाशे म्हणतो आपण. मग हा ‘उठावभ्रम’. आणि डोंगरात चेहरा, ढगात हत्ती दिसणं, त्याला ‘रूपाभास’. दोन्ही वेगळे ठेवा. १९७६ मध्ये व्हायकिंग-१ यानाने मंगळावर टिपलेला ‘चेहरा’ हा रूपाभास. २००१ च्या स्पष्ट प्रतिमेत तिथे झिजलेली टेकडी निघाली. अल्बर्टाच्या डोक्यात मात्र दोन्ही एकत्र आलेत.

अक्षवृत्त
तिसरा प्रकार राहिला: जमिनीवर नसलेलीच आकृती. दोन तारखांच्या प्रतिमा जोडल्या की मध्ये सरळ रेघ उमटते, तिला ‘सांधा’ म्हणा. २००९ मध्ये कॅनरी बेटांजवळ समुद्रतळावर रस्त्यांची जाळी दिसली, दंतकथेतलं बुडालेलं अटलांटिस सापडलं म्हणून गवगवा झाला. ती तळ मोजणाऱ्या बोटींच्या फेऱ्यांची वाट होती; जिथून बोट गेली तिथे माहिती बारीक, बाकी ठिकाणी अंदाजाने भरलेली. ओळखायची युक्ती: तीच जागा दुसऱ्या उपग्रहाच्या, दुसऱ्या तारखेच्या प्रतिमेत बघा. सांधा सरकतो, जमीन सरकत नाही.

आणि गूढ म्हणून फिरणाऱ्या अर्ध्या आकृत्या तर सरकारी कामांच्या असतात. गडद निळा-काळा चौकोन म्हणजे प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं, साधारण ३० बाय ३० मीटरचं. टेकडीवर अंगठ्याच्या ठशासारख्या रेघा म्हणजे सलग समतल चर, साधारण दोन फूट रुंद. चराची खूण ही की तो कधी उतार उतरत नाही, एकाच उंचीने वळत जातो. रेघ चढ-उतार तोडून सरळ गेली तर ती चर नव्हे. पाइपलाइन, वाट किंवा कुंपण.

पर्वतीपायथा
फलक बदलले. मथळा: ‘उपग्रहातून दिसणाऱ्या जमिनीवरील आकृती’. खाली तीन गट: भूरूपे, भूचित्रे, खुणा. कशेळीचा हत्ती काढून त्याच्या जागी साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर घेतली, तोंड सुमारे ५० फुटांचं, वरून शिवपिंडीसारखी दिसते. भासांचा फलक वेगळा.

सड्यावरचा
विहीर बांधकामात गेली, ती तिन्ही गटांत नाही. ‘वास्तू’ असा चौथा गट करा. आणि हत्ती काढू नका, ‘उपग्रहावरून न दिसणाऱ्या’ म्हणून शेजारी लावा, ड्रोनच्या फोटोसकट. पोरांना तोच जास्त कळेल.

सदाशिवपेठी कोशकार
आणि ‘उपग्रहातून’ नको, ‘उपग्रहावरून’. आत बसून कोणी बघत नाहीये.