जुहूची हेलिकॉप्टरं टिपायला लेन्स कोणती? (बजेट २० हजार)

पार्लेकर: कॅनन २००डी कॅमेरा आणि सोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स आहे. जुहूला उतरणारी हेलिकॉप्टरं, दिसलीच तर सेस्नाची छोटी विमानं, आणि संग्रहालयातली कॉकपिटं टिपायची आहेत. अंगावरचा व्हीटीने सुरू होणारा नोंदणी नंबर वाचता यायला हवा. वापरलेली लेन्स चालेल. २० हजारांवर एक रुपया नाही.

भिंगवेडा: सिग्मा १५०-६००. बाकी सगळी खेळणी.

खारदांडा: अहो, बजेट वाचा की! शिवाय ती जवळजवळ २ किलोची. ५५-२५० एसटीएम घ्या, ३७५ ग्रॅम, या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरमुळे ४०० मिमीएवढी भरते. घेताना मागून टॉर्च मारून बुरशी बघा. मुंबईत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला जाळं धरतंच.

भिंगवेडा: ४०० पुरत नाही.

पंखापुराण: फोटो शटरमुळे फसतो, लेन्समुळे नाही. डॉफिन हेलिकॉप्टरचा वरचा पंखा मिनिटाला साधारण ३५० फेरे घेतो. १/१००० सेकंदाच्या शटरला पातं जेमतेम २ अंश सरकतं, मग हेलिकॉप्टर दोरीला टांगल्यासारखं दिसतं. १/१२५ ला १७ अंश, म्हणजे छान फराटा. सेस्नाचा पंखा कितीतरी जोरात फिरतो, तिथे १/२५० पुरे. कंबरेतून वळत सलग फोटो काढा. दहातले सात हलणारच. पांढऱ्या आकाशापुढे एक्स्पोजर +१ करा, नाहीतर पोट काळं येतं. चौपाटीवर सकाळीच जा, ऊन पाठीशी असतं.

लोकलवाला: ५५-२५०. वर आलंय, तरी सांगतो. बाकी जुहूचा मान मोठा, १९३२ साली जेआरडी टपाल घेऊन कराचीहून इथूनच मद्रासला गेले.

खारदांडा: जेआरडी जुहूपर्यंतच. पुढे मद्रासला त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल विन्सेंट गेले.

लोकलवाला: विमान इथूनच गेलं ना? झालं तर.

वरळीनाका: कॉकपिटला तुमची १८-५५ च, १८ वर ठेवून. फ्लॅश बंद. रबरी हूड काचेला टेकवा, फटीवर काळं कापड. पोलरायझर फिल्टर मात्र काढून ठेवा. कॅनपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, अॅक्रिलिकची असली तर त्यातल्या ताणामुळे इंद्रधनुषी पट्टे उमटतात. नेहरू विज्ञान केंद्रात मारुत हे लढाऊ विमान ठेवलंय, निदान बाहेरून टिपायचा सराव तिथे होईल. आणि कुलाब्याच्या नौदल तळाकडे कॅमेरा वळवूच नका.

पार्लेकर: सर्वांचे आभार. ८ बाय ४२ ची दुर्बीण घेतली. नंबर वाचून वहीत लिहितो. कॉकपिटांना १८-५५ आहेच.

भिंगवेडा: मग लेन्सचा धागा काढलात कशाला?